चाळीस कावळे आणि हिरवा ठिपका

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून दुकानात वस्तू दाखवण्याची पद्धत बदलत असल्याने तिची रीतसर नोंद ठेवणे मला आवश्यक वाटते. कामकाजाच्या नोंदवहीत अशा गोष्टींसाठी रकाना नाही. म्हणून ही खासगी वही.

आमच्या दुकानात नाटकांचे पोशाख भाड्याने मिळतात. एकूण सहाशे बारा पोशाख तीन दांड्यांवर टांगलेले आहेत. खालच्या दांडीवर सामान्य माणसे, मधल्या दांडीवर राजे व सैनिक, आणि चौदा फुटांवरच्या दांडीवर पशुपक्षी, भुते व देवदूत. व्यवस्थापक या नात्याने मी दाराजवळच्या टेबलापाशी बसून कोणता पोशाख उतरवायचा ते दाखवतो आणि आमचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते शिडीवर चढून तो उतरवतात. आजवर मी हे काम एका लांब काठीने करीत असे. गेल्या महिन्यात त्या काठीने एका गिऱ्हाइकाची टोपी उडाली, आणि माझा खांदा धरला तो वेगळाच.

सौ.चे धाकटे बंधू इंटरनेटवरून वस्तू मागवण्याच्या बाबतीत कोणाचे ऐकत नाहीत. काल त्यांनी मला हिरव्या किरणाची एक लेझर बत्ती भेट दिली. वापरण्यापूर्वी मी तिचा डबा सहाही बाजूंनी वाचला. ‘पाच मिलिवॉटपेक्षा कमी’ असे लेबलावर स्पष्ट छापलेले आहे, आणि छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही तर जगात व्यवहार चालायचा कसा? डब्यावर पेटत्या काडीचे चित्र आहे. साबणाच्या वेष्टनावर गुलाब असतो, त्यातलाच हा प्रकार. सोबत लाल काचांचा एक चष्मा फुकट आला. मला माझा चष्मा असल्यामुळे तो सौ.ला कांदा चिरण्यासाठी दिला. तिच्या डोळ्यांतले पाणी थांबले, हे तिने मान्य केले. मात्र त्यातून कांदा आणि बोट एकाच रंगाचे दिसतात, अशी तिची तक्रार आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवी पद्धत उत्कृष्ट आहे. टेबलावर कोपर टेकवून बटण दाबले की हिरवा ठिपका थेट हव्या त्या पोशाखावर. सकाळी तीन समुद्री चाचे, एक राणी आणि एक बेडूक मी जागचे न हलता उतरवून घेतले. राणी घ्यायला आलेल्या बाईंनी या सोयीचे कौतुक केले.

मास्तरांनी मात्र शिडीवरूनच कुरकुर केली. ठिपका भिंतीवर पडला तरी डोळ्यांना टोचतो, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना लेबल वाचून दाखवले.

“लेबल शिडीवर चढत नाही, साहेब,” ते म्हणाले.

मास्तर या दुकानात बावीस वर्षे आहेत आणि बावीस वर्षे असेच बोलत आले आहेत. माणूस हाताचा सोन्यासारखा, जिभेचा कात्रीसारखा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोठे काम आले. एका शाळेतील शिक्षिका, केसांत दोन पेन्सिली खोचलेल्या, चाळीस कावळे पाहिजेत म्हणून आल्या. त्यांच्या नाटकात कावळे एका बुजगावण्याला न्यायालयात खेचतात. वर्गात मुले चाळीस. एकोणचाळीस कावळे मुळीच चालणार नाहीत, कारण चाळिसावे मूल कोणते आणि ते किती रडेल हे आधी सांगता येत नाही. शनिवार, २२ तारखेला दुपारी चार वाजता त्या पोशाख नेतील.

आमचे चाळीसही कावळे काळ्या मखमलीचे असून मास्तरांनी स्वतः शिवलेले आहेत. प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या कापडाचा क्रमांक आहे. एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून मी नियम घातला: रोज साडेपाच वाजता खुर्चीतून प्रत्येक क्रमांकाच्या खाली ठिपका धरायचा, मनात तीनपर्यंत मोजायचे आणि वहीत खूण करायची. घाई करणे माझ्या स्वभावात नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

राक्षसाच्या काळ्या झग्याला व सहा क्रमांकाच्या कावळ्याला भोक पडलेले आढळले. आकार मोहरीपेक्षा मोठा, वाटाण्यापेक्षा लहान. मास्तरांच्या मते कसर लागली. डांबराच्या गोळ्यांच्या चार पिशव्या आणून तिन्ही दांड्यांना बांधल्या. घरी गेल्यावर सौ.ने मला जेवणाआधी अंघोळ करायला लावली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भोके सात झाली. केवळ हळहळून भागणार नाही, म्हणून मी तीन दिवस या कसरीच्या सवयींचा शिस्तशीर अभ्यास केला. तिला काळा रंग अतिशय प्रिय असून गडद निळा चालतो; देवदूतांच्या पांढऱ्या झग्यांना तिने तोंड लावलेले नाही. ती कापड नेहमी पुढच्या, म्हणजे माझ्या टेबलाकडच्या बाजूनेच खाते. कावळ्यांच्या बाबतीत तर ती छातीवरच्या क्रमांकाच्या बरोबर खाली, दोन बोटांच्या अंतरावर खाते, जणू तिला अंक वाचता येतात. सर्वांत विलक्षण बाब अशी की रविवारी, दुकान बंद असताना, एकही नवे भोक पडलेले नाही. साप्ताहिक सुट्टी पाळणारा कीटक मी प्रथमच पाहत आहे.

दुपारी फवारणीवाला आला. ही सर्व निरीक्षणे मी त्याच्यापुढे मांडली. त्याने ती ऐकून घेतली, एक भोक नखाने खरवडले, हुंगले आणि म्हणाला, “कसर कुरतडते, साहेब. भाजून खात नाही. इथं कोणी सिगारेट ओढतं का?”

कडा खरोखरच कडक व जळक्या आहेत. हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. शिडीवर चढणारा माणूस दुकानात एकच आहे. हे वाक्य मी लिहिले खरे, पण लिहून बरे वाटले नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मालकीणबाई स्वतः आल्या. त्या उंचीने बेताच्या आहेत, परंतु त्या छत्री टेकवून उभ्या राहिल्या की वरच्या दांडीवरचे वाघसुद्धा सरळ टांगल्यासारखे वाटतात. त्यांना कपड्यांपेक्षा आगीची भीती. एक ठिणगी पडली तर सहाशे बारा पोशाख आणि वर राहणारी तीन बिऱ्हाडे.

“मास्तर, खरं सांगा. ओढता?”

“तीन वर्षं झाली सोडून. लवंग चघळतो.”

“लवंगेनं मखमल जळत नाही.”

“शिडी धरायला एक हात लागतो, कपडा काढायला दुसरा. सिगारेट काय कावळ्याच्या चोचीत देऊ?”

मला हसू आले. बाईंना आले नाही. त्यांनी निकाल सांगितला. मी चौकशी करावी आणि शुक्रवारी, २१ तारखेला अहवाल वाचावा. दोष मास्तरांचा ठरला तर त्यांनी त्याच दिवशी कात्री खाली ठेवावी. पोशाख सांभाळणाऱ्याने पोशाख जाळावेत, याला बावीस वर्षांच्या नोकरीचा आधार मिळणार नाही.

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ मशीनला तेल देत बसले. मशीनला तेलाची गरज नव्हती. नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “या वयात मला दुसरं दुकान कोण उघडून देणार आहे, साहेब? अहवाल लिहा. पण बघून लिहा.”

मी त्यांना निःपक्षपाताची हमी दिली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पुरावा निसटू नये म्हणून कावळ्यांची तपासणी दिवसातून दोनदा केली आणि प्रत्येकी तीनऐवजी सहा मोजण्याचा नियम केला. परिणामी भोके सातांची सतरा झाली. तपासणी वाढवली नसती तर हा आकडा कुठे गेला असता, याची कल्पना करवत नाही.

आज एक लहानसा प्रकार घडला. मधल्या दांडीवर सेनापतीची पत्र्याची नवी ढाल टांगली आहे, आरशासारखी चकचकीत. ठिपका चुकून तिच्यावर पडला आणि माझ्या उजव्या डोळ्यात वीज चमकावी तसे झाले. इतकी चकाकी गैरसोयीची असल्याने ढालीवर फडके घालण्याची सूचना मी दिली.

या पानाच्या मध्यभागी करड्या शाईचा डाग आहे. पान उलटले, तर त्याही पानावर आहे. वही बदलून घ्यावी लागेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मास्तर आज अस्वलाचे डोके घालून शिडीवर चढले.

त्या डोक्याला डोळ्यांच्या जागी काचेचे बंद गोळे असून घालणाऱ्याला जबड्यातून फक्त खालचे, आपल्या पायांजवळचे दिसते. पोशाख कसा उतरवणार, असे मी विचारले, तर आतून उत्तर आले की बावीस वर्षांत कोणता कपडा कुठे आहे ते हाताला पाठ झाले आहे आणि त्या हिरव्या ठिपक्याकडे बघण्यापेक्षा अस्वल बरे. एक पती-पत्नी भुताचा पोशाख बघायला आले होते. ते अस्वलाचाच आग्रह धरून बसले.

कामाच्या वेळेत भाड्याच्या वस्तू अंगावर घालणे शिस्तीत बसत नाही. मी लेखी समज दिली आणि मिळाल्याची सही मागितली. मास्तरांनी कागद जबड्यापाशी नेऊन वाचला आणि परत दिला.

“अस्वल सही करत नाही,” ते म्हणाले.

चौकशीतील व्यक्तीने असे वागणे तिच्या हिताचे नाही, हे मी त्यांना सांगणार होतो. पण अस्वलाशी गंभीरपणे बोलता येत नाही, हा अनुभव मला नवीन आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

सौ.चे बंधू जेवायला आले. बत्ती कशी चालते, असे त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारले. उत्तम, असे मी म्हणालो.

“भावोजी, काडी पेटवून बघितली का?”

मी सिगारेट ओढत नाही, हे त्यांना अठरा वर्षांपासून ठाऊक असायला हवे. मी तसे सांगितले. ते गोंधळले, नंतर विषय लोणच्यावर गेला.

वहीबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. काल दुकानदाराने पहिली वही बदलून दिली. दुसरीतही तोच डाग, तेवढाच, जिथे वाचू लागावे तिथे. मी पुन्हा गेलो. त्याने वही उजेडात धरून डाग दाखवायला सांगितले. मी दाखवला. त्याने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तिसरी वही दिली. तिच्यातही आहे. हल्ली कागदाचा दर्जा राहिलेला नाही.

सौ.च्या मते चष्म्याचा नंबर बदलला असून डॉक्टरांकडे जायला हवे. बावीस तारखेनंतर पाहू.

बुधवार, १९ नोव्हेंबर

भोके एकतीस. शुक्रवार जवळ आला आणि प्रत्यक्ष पुरावा नाही. म्हणून आज मी मास्तरांवर गुप्त नजर ठेवली. बाहेरगावी काम आहे असे काल सांगून ठेवले होते. आज मास्तर येण्यापूर्वी दुकान उघडून दोन माणसांनी मिळून घालायच्या घोड्याच्या पोशाखात, मागच्या भागात जाऊन बसलो. बत्ती टेबलाच्या खणातच ठेवली. घोड्यात हात हलवायला जागा नसते.

साडेनऊपासून साडेपाचपर्यंत एका शिवणीच्या फटीतून मी पाहिलेले असे: मास्तरांनी एका राजपुत्राची विजार सैल केली. डबा खाल्ला. अकरा लवंगा चघळल्या. अस्वलाच्या डोक्याला त्यांनी हात लावला नाही आणि शिडीवर ते उघड्या चेहऱ्याने चढले. सिगारेट, काडी, धूर यांपैकी काहीही दिसले नाही. साडेतीन वाजता ते सरळ घोड्यापाशी आले आणि मागच्या पायांजवळ एक कप ठेवला.

“चहा, साहेब. साखर कमी घातलीय.”

मी उत्तर दिले नाही. चहा मात्र घेतला.

संध्याकाळी बाहेर येऊन मी एकेक कावळा हातात घेऊन तपासला. आजची नवी भोके: शून्य.

यातून निष्कर्ष एकच निघतो. नजर असली की भोके पडत नाहीत; नजर हटली की पडतात. म्हणजे ती पाडणारा माणूस आहे आणि आपल्यावर नजर आहे हे त्याला कळले होते. आज दुसरे काही वेगळे घडले का, याचाही मी विचार केला. तपासणी झाली नाही, एवढेच. तपासणीने भोके पडत नसतात.

तर्काला कुठेही फट नाही. तरी घोड्यात चहा आणून देणाऱ्या माणसाविरुद्ध लिहिताना पेन जड जातो. अहवालाचा शेवट मी तीनदा खोडला. चौथ्यांदा लिहिला, कारण नियम माणूस पाहून बदलायचा नसतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजची नोंद मी शक्य तितक्या क्रमाने करतो.

अकरा वाजता मालकीणबाई आल्या. शाळेच्या शिक्षिकाही आल्या होत्या. उद्या न्यायचे कावळे त्यांना आजच पाहायचे होते. भोकांचे कळल्यावर त्या तिथेच एका सिंहासनावर बसल्या आणि हलायला तयार झाल्या नाहीत. मास्तर मशीनपाशी उभे राहिले. त्यांनी नवा सदरा घातला होता. तो कशासाठी हे मला समजले, आणि त्यानंतर मी त्या दिशेला पाहणे टाळले.

सतरा क्रमांकाचा कावळा नमुना म्हणून मधल्या दांडीवर, माझ्यापासून बारा फुटांवर टांगला होता. माझ्या डाव्या हातात अकरा कलमांचा अहवाल, उजव्या हातात बत्ती. ऐकणाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून मी कोपर टेबलावर टेकवून ठिपका भोकाच्या कडेवर स्थिर धरला आणि वाचायला सुरुवात केली. कागदावरच्या डागामुळे उजवा डोळा मिटून वाचावे लागत होते. समोर पाहण्यास सवड नव्हती.

पहिली पाच कलमे शांततेत पार पडली. सहावे कलम असे होते: ‘सर्व भोकांना जळका वास येतो.’ आणि सुदैवाने तसा वास त्याच वेळी स्पष्ट येत असल्याने मी कागदावरून नजर न काढता त्यात भर घातली की उपस्थितांनी तो आत्ता अनुभवावा.

“साहेब,” मास्तर म्हणाले.

मास्तरांना आपली बाजू मांडण्याची संधी अकराव्या कलमानंतर दिलेली आहे, असे मी नम्रपणे सांगितले आणि सातवे कलम वाचू लागलो.

“मांडतो नंतर. कावळा पेटलाय.”

मी वर पाहिले. सतरा क्रमांकाच्या छातीतून धुराची सरळ रेघ निघाली होती आणि त्या रेघेच्या बुडाशी माझा हिरवा ठिपका होता. मालकीणबाईंनी छत्रीने कावळ्याला झोडपायला सुरुवात केली. शिक्षिकेने टेबलावरचा तांब्या उचलून ओतला. त्यातले निम्मे पाणी बाईंवर आणि निम्मे कावळ्यावर पडले. मी अजून बटण दाबूनच होतो. मास्तरांनी येऊन माझा अंगठा उचलला.

मालकीणबाईंनी चेहरा पुसला, एका चाच्याचा काळा मोजा काढून दांडीवर अडकवला आणि मला पुन्हा दाखवायला सांगितले. मी ठिपका धरला आणि मनात मोजले. तीनला धूर आला, पाचला भोक पडले. मोहरीपेक्षा मोठे, वाटाण्यापेक्षा लहान.

“आणखी एकदा,” बाई म्हणाल्या.

सहा कलमे मी वाचली होती आणि उरलेली पाच वाचण्याची गरज राहिली नव्हती. काळा रंग, पुढची बाजू, क्रमांकाखालची दोन बोटे, रविवारची सुट्टी, घोड्यातला दिवस: सर्व पुरावा बिनचूक होता, फक्त आरोपी चुकला होता.

बाईंनी माझ्या हातून अहवाल घेतला आणि शेवटचे कलम मोठ्याने वाचले. ‘दोषी व्यक्तीस ज्वालाग्राही मालापासून कायमचे दूर ठेवावे व तिची सेवा तत्काळ समाप्त करावी.’

“हे तुम्ही लिहिलंत?”

मी होय म्हणालो. शिफारस योग्य असून कायम ठेवावी, असे सांगून रिकाम्या जागी मी माझे पद लिहिले आणि सही केली.

बाई मास्तरांकडे वळल्या. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकले नव्हते. “मास्तर, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. याच्यावर शेरा आता तुम्हीच द्या.”

मास्तरांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. “उद्या चारला चाळीस कावळे जायचेत. माणूस काढायचा तर रविवारी काढा. आत्ता मला टाके घालायला हात हवेत.”

बाईंनी बत्तीतल्या बॅटऱ्या काढून आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि उद्या सकाळी मी प्रथम डोळे दाखवून यावे, अशी आज्ञा केली. मी उजवा डोळा मिटून वाचत होतो हे फक्त त्यांच्याच लक्षात आले होते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बत्तीचा रिकामा डबाही मागवून घेतला होता. लेबल वाचून त्या हसल्या, पण ते हसू आनंदाचे नव्हते. बारा फुटांवरून कापड पेटवणारी वस्तू पाचाच्या शेकडो पट असते, असे त्या म्हणाल्या. विकणारा पाच छापतो, कारण पाच छापले की कोणी अडवत नाही.

“सोबत संरक्षणाचा चष्मा आला असेल ना?”

कांद्यासाठी दिला, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले.

डाग कागदावर नाही. तो माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर आहे, ढालीवरून परतलेल्या किरणाने भाजलेला. थोडा निवळेल, कदाचित निवळणार नाही. पडद्याला ठिगळ लावता येत नाही. समोर आणखी कोणी असायचे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या तोंडून आधी ‘अस्वल’ असेच गेले. सविस्तर ऐकल्यावर त्या म्हणाल्या की पहिल्या दहा दिवसांत तो माणूस आंधळा झाला नाही, हे त्याचे नशीब. त्यानंतर झाला नाही, ही त्याची अक्कल. मी गेल्या शनिवारी दिलेली लेखी समज मला आठवली. ती परत घेतल्याचे पत्र तिथल्याच बाकावर बसून लिहिले आणि त्याला जोडून माफीनामाही लिहिला. तो नऊ परिच्छेदांचा झाला.

दुकानात मास्तर, मालकीणबाई आणि शिक्षिका जमिनीवर कावळ्यांच्या ढिगाऱ्यात बसले होते. भोकावर काळ्या कापडाचे एक पीस शिवायचे, असे ठरले होते. त्यामुळे कावळे पूर्वीपेक्षा अधिक कावळ्यासारखे दिसू लागले होते. सतरा क्रमांकाला छातीभर पिसे लावावी लागली. शिक्षिकेने त्याला न्यायाधीश करायचे ठरवले.

मी मास्तरांसमोर उभा राहून माफीनामा वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी मान वर केली.

“किती आहेत?”

“नऊ.”

“तोवर हा धरा,” असे म्हणून त्यांनी एकतीस क्रमांकाचा कावळा माझ्या हातात दिला. कावळा आणि कागद दोन्ही धरता येईनात. मी कागद खिशात घातला.

“मास्तर, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“हां. एवढं पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. बसा.”

मी बसलो. त्यांनी सुई दिली, दोरा दिला. बाकीचे आपापल्या कावळ्यात गुंतले होते. मी दोरा नेढ्यात घालू लागलो आणि तो तीनदा हवेतून गेला. जिथे पाहावे तिथे करडा ठिपका, आणि नेढे त्याच्या बरोबर मागे. डावा डोळा मी वापरून पाहिला, पण एका डोळ्याने सुई किती लांब आहे हे कळत नाही. एकतीस भोके शोधून काढणाऱ्या माणसाला हे एक भोक एकतिसाव्या कावळ्यापाशी सापडेना.

मास्तरांनी माझ्या हातून सुई काढून घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई परत दिली.

“सोमवारी वेळेवर या,” ते म्हणाले. “दोरा मी ओवून देत जाईन. टाके तुम्ही घालायचे.”

मालकीणबाईंनी तेवढे ऐकले. अहवाल त्यांच्या मांडीखाली होता. तो त्यांनी काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर एका पिसाचा आकार आखला आणि नमुना म्हणून कात्रीने कापला.

मी पहिला टाका घातला. तो वाकडा होता. मास्तरांनी तो उसवला आणि पुन्हा घालायला सांगितला.